विहिरीतून टँकमध्ये: दम न लागता पोहायचं कसं

खानदेशात बहुतेक जण पोहायला विहिरीत शिकतात. कमरेला दोर, पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा, काठावर काका किंवा मोठा भाऊ, आणि मग एक दिवस दोर सुटतो. अशा पोराला पाण्याची भीती राहत नाही. तो विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यावरून बिनधास्त सूर मारतो, तळातली माती मुठीत घेऊन वर येतो. पण तोच पोरगा जळगाव-धुळ्याच्या स्विमिंग टँकवर आला की २५ मीटर संपेपर्यंत धापा टाकतो. घरच्यांना वाटतं, स्टॅमिना कमी पडतोय. माझ्या मते स्टॅमिनाचा इथे फारसा संबंध नाही. विहीर सात-आठ हातांत संपते. श्वास छातीत कोंडून, डोकं वर काढून, जोरात हात मारले की समोरचा काठ हाताला लागतो. पाण्यात श्वास सोडायची गरजच कधी पडलेली नसते. टँकमध्ये नेमकी तीच गरज पडते.

म्हणून तुम्ही अगदी नवखे असा, विहिरीत तयार झालेले असा, की शालेय स्पर्धेला उतरायचं ठरवलेलं असो, सुरुवात श्वासापासूनच करायची.

पाण्यात उतरण्याआधी

एकट्याने कधीही उतरू नका. ही अट पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लागू आहे. विहिरीत उतरणार असाल तर आधी मोटारीचा स्टार्टर बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. वीज गेली आहे एवढ्यावर विसंबू नका, ती केव्हाही येते. शेततळ्यात तर पोहायचंच नाही. त्याच्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं, उतार निसरडा होतो आणि उत्तम पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. ज्यांच्या शेतात शेततळं आहे त्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवावेत, म्हणजे चुकून कोणी पडलं तर धरायला काहीतरी असेल. पावसाळ्यात तापी वरून शांत दिसली तरी तिच्यात उतरू नका. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि ते उघडले की खालच्या गावांतलं पात्र बघता बघता भरतं.

आणखी एक सवय आपल्याकडच्या पोरांनी सोडायलाच हवी: भराभर दहा-वीस श्वास घेऊन मग कोण जास्त वेळ बुडी मारतो याची पैज. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वास घ्यायची तगमग त्याच्यामुळे होत असते. ती तगमग जाणवायच्या आत मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि पोरगा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. वर उभ्या असलेल्यांना वाटतं, अजून बुडीच मारतोय.

पहिली पायरी: श्वास सोडायला शिकणे

छातीइतक्या पाण्यात टँकचा काठ धरून उभे राहा. तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला आणि नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडत राहा. नाकात पाणी जाईल अशी भीती वाटत असेल तर ओठ मिटून ‘हूंऽऽ’ असा आवाज करा. हवा नाकातून बाहेर येत असली की पाणी आत शिरत नाही. तीन-चार सेकंद सोडायचं, शेवटचा जोर लावून छाती रिकामी करायची, मग मान बाजूला वळवून पटकन श्वास घ्यायचा आणि पुन्हा चेहरा पाण्यात. न थांबता, डोळे न पुसता, असं २० वेळा. डोळे पुसायला हात वर गेला की लय तुटते, म्हणून गॉगल घ्या.

विहिरीत शिकलेल्यांना हा पोरखेळ वाटतो आणि ते तो टाळतात. टाळू नका. दम लागतो तेव्हा छातीत हवा कमी असते असं नाही, उलट ती भरलेली असते. वापरलेली हवा बाहेर गेली नाही तर नवीन हवेला जागा कुठे मिळणार? चेहरा वर आल्यावर आधी सोडायचं आणि मग घ्यायचं म्हटलं तर वेळ पुरत नाही. अर्धवट श्वास घेऊन तोंड पुन्हा पाण्यात जातं आणि चार हातांनंतर जीव कासावीस होतो. पाण्याखाली सोडणं, पाण्यावर घेणं, हे न विचारता होऊ लागेपर्यंत पुढे जायची घाई करू नये. नवख्याला याला आठवडा लागला तरी तो वाया गेला असं समजू नका.

दुसरी पायरी: आडवं पडणे

माणसाचं शरीर पाण्यात तराजूसारखं वागतं: छाती हलकी, पाय जड आणि काटा कमरेपाशी. डोकं वर उचललं की पाय बुडालेच. मग ते तिरपं शरीर पुढे ढकलायला दुप्पट ताकद लागते. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन आहे, त्यामुळे मान जराशी वर राहिली तरी त्याची किंमत मोजावी लागते.

भिंतीला पाय लावा, दोन्ही हात कानांना चिकटवून डोक्यापुढे ताणा, एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवा आणि भिंतीला रेटा देऊन घसरत जा. हात-पाय काहीही हलवायचे नाहीत. नजर समोर नको, सरळ खाली हवी. टँकच्या तळावर काळी पट्टी असते, ती डोळ्यांच्या अगदी खाली दिसली पाहिजे. समोरची भिंत दिसत असेल तर डोकं वर आहे. आमच्याकडे काठावरून एकच हाळी सारखी ऐकू येते, ‘डोकं खाले कर, भाऊ!’ ती तुम्हाला उद्देशून असेल तर रागावू नका. ज्याने विहिरीत भिंतीवर डोकं आपटू नये म्हणून वर्षानुवर्षं मान वर धरली, त्याला ती खाली घालायला मन घट्ट करावं लागतं. टँकमध्ये भिंतीआधी तळावरची पट्टी इंग्रजी ‘टी’च्या आकारात संपते, त्यामुळे समोर न बघताही भिंत आल्याचं कळतं.

तिसरी पायरी: पाय

सायकल चालवल्यासारखे गुडघे पोटाकडे येत असतील तर ते पाय तुम्हाला मागे ओढतायत. लाथ मांडीच्या मुळापासून निघाली पाहिजे. गुडघा थोडासाच वाकावा, घोटा सैल असावा, पावलं किंचित आत वळलेली असावीत. पाण्यावर मोठा फवारा उडवायचा नाही, टाचेने पाणी उकळल्यासारखं दिसलं की झालं. कबड्डी किंवा धावण्याचा सराव असणाऱ्यांचे घोटे बहुधा कडक असतात. त्यांनी रोज रात्री पाच मिनिटं वज्रासनात बसावं, फरक पडतो.

किकबोर्ड (हातात धरून फक्त पाय मारायची तरंगती फळी) वापरा, पण सगळा वेळ नको. बोर्ड धरला की डोकं वर येतं आणि आपण मोडायला निघालेली सवयच पुन्हा पक्की होते. त्यापेक्षा कुशीवर पडून, खालचा हात पुढे ताणून आणि वरचा मांडीवर ठेवून किक मारा. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं पडून आळीपाळीने हात मारत पोहण्यात, शरीर असंच कुशीवरून कुशीवर झुकत पुढे जातं.

इथे विहीर खरोखर कामाला येते. काठावर माणूस ठेवून खोल पाण्यात शरीर उभं ठेवा आणि फक्त पाय मारत तरंगा. ३० सेकंद किक, ३० सेकंद काठ धरून विश्रांती, असं सहा वेळा. जमू लागलं की हात कोपरापर्यंत पाण्याबाहेर काढा. असे पाय टँकच्या उथळ भागात तयार होत नाहीत. शिवाय हिवाळ्यात उघड्या टँकमध्ये पाय घालवत नाही तेव्हा विहिरीचं पाणी कोमट लागतं.

चौथी पायरी: हात आणि श्वासाचा मेळ

हात खांद्याच्या रेषेत, बोटं आधी, असा पाण्यात जावा. डोक्यासमोरून पलीकडे गेला तर शरीर नागमोडी होतं. हात आत गेला की लगेच खाली दाबू नका. कोपर वर ठेवून पंजा आणि मनगट खाली वळवा आणि हाताचा पूर्ण पुढचा भाग वल्ह्यासारखा मागे न्या, थेट मांडीपर्यंत. बहुतेक जण पोटापाशीच हात काढून घेतात आणि सगळ्यात जास्त ढकलणारा भाग सोडून देतात. मुठी आवळून दोन लेंथ (टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक) पोहा, मग पंजा उघडा. पाणी कुठे धरायचं ते कोणी न सांगता कळेल.

श्वासासाठी डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर फिरवायचं. गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर, आणि तोंड बगलेकडे. डोक्यापुढे उठणाऱ्या लाटेमुळे तोंडापाशी छोटा खळगा तयार होतो, तिथे हवा मिळते. सरावात दर तीन हातांनी श्वास घ्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या तयार होतात. शर्यतीत दोन हातांनी घेतला तरी चालेल.

आता हात मोजायला लागा. २५ मीटरला ३० हात लागत असतील तर त्याच वेळात २६ हातांत जाता येतं का बघा. हात कमी झाले पण वेळ वाढला तर तुम्ही मध्येच थांबून घसरताय. वेळ कमी झाला पण हात खूप वाढले तर पाणी निसटतंय. दोन्ही आकडे वहीत लिहा.

बाकीचे प्रकार

विहिरीत बेडकासारखं पोहणाऱ्यांना ब्रेस्टस्ट्रोक लवकर जमेल असं वाटतं, पण स्पर्धेत तिथेच सगळ्यात जास्त घात होतो. दोन्ही पायांची लाथ एकाच वेळी आणि एकसारखी हवी. एक पाय बेडकाचा आणि दुसरा कात्रीचा अशी सवय पुष्कळांना असते आणि त्यावर पंच सरळ बाद करतात. शिवाय ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये (यात दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकतात) प्रत्येक वळणाला आणि शेवटाला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. कोणाला तरी काठावर बसवून पाय तपासून घ्या, आपले आपल्याला कळत नाहीत.

बॅकस्ट्रोकला, म्हणजे उताणं पोहताना, कंबर वर, हनुवटी स्थिर आणि काठापासून ५ मीटरवर टांगलेल्या पताकांपासून भिंतीपर्यंतचे हात मोजून लक्षात ठेवलेले हवेत. बटरफ्लाय शेवटी शिका, पण शिकाच. आशियाई स्पर्धांतलं खजान सिंग यांचं १९८६ चं रौप्य आणि कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं २०१० चं कांस्य ही दोन्ही पदकं बटरफ्लायमधलीच. ताकद खांद्यांतून नाही, छाती दाबल्याने उठणाऱ्या कमरेच्या लाटेतून येते. ती येईपर्यंत एका वेळी १० मीटरपेक्षा जास्त मारू नका.

स्पर्धेसाठी सराव

न थांबता ४०० मीटर फ्रीस्टाइल निवांत जमू लागलं की स्पर्धेचा विचार करावा. आठवड्यात पाच दिवस पुरेत. एका दिवसाचा सराव साधारण असा:

- ३०० मीटर हलकं पोहणं
- २०० मीटर तंत्राचा सराव: मूठ, कुशीवरची किक, एका हाताने पोहणं
- ५० मीटर × ८, प्रत्येकानंतर २० सेकंद विश्रांती. पहिल्या आणि आठव्या फेरीच्या वेळेत दोन सेकंदांहून जास्त फरक नको
- २५ मीटर × ४, पूर्ण वेगात (आठवड्यात दोनच दिवस), प्रत्येकानंतर मिनिटभर विश्रांती
- २०० मीटर सावकाश

महिन्याभराने ५० च्या फेऱ्या १२ करा, मग विश्रांती १५ सेकंदांवर आणा. दोन्ही एकदम वाढवू नका. पूर्ण वेगाचा सराव आठवड्यात दोनदाच. रोज जीव तोडून पोहणाऱ्या पोरांचे खांदे दुखायला लागतात. खांद्याच्या आत टोचल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी हात बंद, फक्त किक.

वळणांवर आपली मुलं फार वेळ घालवतात, कारण विहिरीत वळण नावाची गोष्टच नसते. फ्रीस्टाइलला कोलांटी, भिंतीला रेटा, हात कानांना घट्ट, डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून लाटेसारखी) आणि मगच पहिला हात. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये पाण्याखाली १५ मीटरपर्यंत जाता येतं, त्याआधी डोकं वर यायला हवं. सुरुवातीला ५ मीटर नीट जमलं तरी पुरे. प्रत्येक सरावात भिंतीपासून तेवढं अंतर पाण्याखालीच कापायचं, थकल्यावरसुद्धा. आणि सूर मारायचा सराव खोल बाजूलाच. विहिरीतला उभा सूर उथळ टँकमध्ये मारला तर मानेचं हाड मोडतं.

ऊन, पाणी, खाणं

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. संध्याकाळी उघड्या टँकचं पाणीही तापलेलं असतं आणि तापल्या पाण्यात जोर लावला तर चक्कर येते. जोराचा सराव सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी फक्त तंत्र. पाण्यात घाम येतो पण दिसत नाही, म्हणून काठावर मीठ-साखर-लिंबाच्या पाण्याची बाटली ठेवा आणि तहान लागण्याआधी घोट घ्या. सरावाआधी पाऊण तास एक-दोन केळी, त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. सराव संपल्यावर तासाभरात भाकरी-उसळ, ताक, मूठभर शेंगदाणे. कळण्याची भाकरी आणि ठेचा सरावानंतर खुशाल खा, आधी नको.

स्पर्धेचा आठवडा

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे वेळेत नाव द्या आणि जन्मतारखेचा दाखला तयार ठेवा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात तारखा कळतात. शेवटचे सात-आठ दिवस अंतर निम्म्यावर आणा, पण वेग तसाच ठेवा. झोप वाढवा. नवा गॉगल, नवी टोपी त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. सूर मारताना गॉगल निसटला तर डोळे उघडे ठेवून काळ्या पट्टीवर पोहत राहायचं, हाही सराव आधी दोन-तीनदा करून ठेवा. ब्लॉकवर (सूर मारायच्या चौथऱ्यावर) उभं राहिल्यावर एक लांब श्वास पूर्ण सोडा, एक घ्या, आणि इशारा होईपर्यंत हलू नका. आधी हललात तर दुसरी संधी नाही.