खुराक पैलवानाला, उपास जंतूंना: व्यायाम करणाऱ्यांनो, या चुका टाळा

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही रंकाळ्यावर पळायला जमतो. मागं एकदा दुसऱ्या फेरीत, शालिनी पॅलेसच्या जरा अलीकडं, आमच्यातला सगळ्यात दणकट गडी एकदम थांबला. गुडघ्यावर हात, कपाळावर गार घाम. "पोटात कालवायलंय रं, व्हा तुम्ही फुडं." तो काही फुडं आला नाही, रिक्षा करून घरी गेला. आदल्या रात्री आम्ही एकाच पंगतीत होतो. तांबडा, पांढरा, सुकं, वर भात. शिवाय पहाटे घरातून निघताना त्यानं ताकदीसाठी म्हणून पेलाभर म्हशीचं दूध रिचवलं होतं.

पहिली चूक इथंच होते. 'आपलं पोटच नाजूक' म्हणून आपण विषय मिटवतो. जोरात पळताना शरीर रक्त पायांकडं आणि कातडीकडं वळवतं. श्रम फार असतील तर आतड्याकडं जाणारं रक्त ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. आतड्याचं अस्तर तेवढा वेळ सैल पडतं, उन्हाळ्यात जास्तच. त्यात तेल-तूप जठरातून सावकाश सरकतं, म्हणजे रात्रीच्या कटाचा काही भाग पहाटेही वरच बसलेला असू शकतो. एवढ्यावर दूध ओतल्यावर दुसरं काय होणार?

लांब पळायचं असेल तर आदल्या रात्री आमटी-भात खा, तेल बेतानं. हरभऱ्याची उसळ, राजमा, कच्चा कांदा दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. हे वाईट पदार्थ नाहीत, उलट आतड्यातल्या जंतूंना तेच लागतं, फक्त वेळ चुकते. पळण्याच्या तास-दीड तास आधी एक केळं पुरतं. दुधानं पोट वाजत असेल तर ते पळून आल्यावर घ्या. आणि गुडघा कुरकुरतो म्हणून निघताना आयबुप्रोफेनची गोळी टाकायची सवय असेल, तर ती आजच सोडा. सायकलपटूंवरच्या अभ्यासात दिसलंय की व्यायामाआधी ही गोळी घेतली की आतड्याला होणारी इजा वाढते. गुडघ्याचं दुखणं पोटावर काढल्यासारखं होतं ते.

आता दुसरी चूक: खुराक. हा शब्द कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तालमीत जोर-बैठका मारून झाल्या की बदामाची थंडाई, दूध, तूप. आजचा जिमवाला तेच करतो, फक्त डबा प्रोटीन पावडरचा असतो, जोडीला अंडी आणि चिकन. स्नायूंची सोय झाली. पण मोठ्या आतड्यात राहणाऱ्या अब्जावधी जंतूंच्या ताटात काय पडलं? त्यांना लागतो चोथा: ज्वारीची भाकरी, मटकी, पालेभाजी, सालासकट फळं. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि आतड्याच्या पेशी त्याच आम्लांवर जगतात. चोथा मिळाला नाही की हे जंतू उरलेल्या प्रथिनांकडं वळतात आणि मग अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड असले वायू निघतात. बंद जिममधला तो वास कशाचा, हे आता सांगायला नको.

आयर्लंडच्या रग्बी खेळाडूंवरचा २०१४ चा अभ्यास पुष्कळ जण प्रोटीनच्या बाजूनं पुढं करतात. त्यांच्या आतड्यात जंतूंचे प्रकार जास्त सापडले, हे खरं. पण त्यांचा व्यायाम वेगळा आणि आहारही वेगळा, त्यामुळं श्रेय कुणाचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. माझं मत विचाराल तर पावडरीचा डबा राहू दे, शेजारी भाकरी-उसळ येऊ दे. शिजवून गार झालेल्या भातात-भाकरीत न पचणारा स्टार्च थोडा वाढतो आणि तोही जंतूंच्या कामी येतो. आजीची शिळी भाकरी आणि ताक अगदीच अडाणीपणाचं नव्हतं म्हणायचं. मात्र चोथा एकदम वाढवू नका, पोट फुगेल. दोन-तीन आठवडे घ्या, पाणीही वाढवा.

तिसरी चूक पावसाळ्यातली. जूनला सरी सुरू झाल्या की बूट माळ्यावर जातात ते थेट दसऱ्याला खाली येतात. इलिनॉय विद्यापीठानं व्यायाम न करणाऱ्या ३२ जणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, ३० ते ६० मिनिटं व्यायाम करायला लावला. आहार बदलला नव्हता, तरी ब्युटिरेट तयार करणारे जंतू वाढले, सडपातळ लोकांत जास्त. मग सहा आठवडे व्यायाम बंद केला आणि बरंचसं पुन्हा जिथल्या तिथं आलं. म्हणून पाऊस असला तरी घरात सूर्यनमस्कार घाला, दोरीवरच्या उड्या मारा, जिने चढा. काहीतरी चालू ठेवा.

'खेळाडूंच्या जंतूंची' कॅप्सूल घेऊ का, असं मला एकानं विचारलं. बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंकडून मिळालेला व्हेलोनेला नावाचा जंतू दिल्यावर उंदीर १३ टक्के जास्त वेळ पळाले, हे २०१९ मध्ये छापून आलंय. उंदीर! पैसे खिशात ठेवा.

शर्यतीच्या दिवशी नवीन एनर्जी जेल (पळताना ताकदीसाठी चोखायचा गोड पाक) किंवा नवीन सरबत पहिल्यांदा तोंडाला लावणं, ही तर हमखास फसवणारी चूक. पायांसारखंच आतडंही सरावानं तयार होतं. जे शर्यतीत घेणार, तेच आधीचे दोन आठवडे लांब पळताना घेऊन बघा.

आणि एवढं सगळं सांभाळूनही शौचात रक्त दिसलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं किंवा कारण नसताना वजन उतरायला लागलं, तर 'पळण्यामुळं असेल' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही त्यांना सांगा.