वहीतल्या आकड्यांचा आलेख कसा काढावा

शाळेचा प्रकल्प असो, कृषी महाविद्यालयातला प्रबंध असो की ग्रामसभेपुढे ठेवायची माहिती, बहुतेक जण एकाच वाटेने जातात. आकडे भरायचे, सगळे निवडायचे, ‘इन्सर्ट’मध्ये जाऊन ‘चार्ट’ दाबायचा आणि संगणक जे चित्र देईल ते चिकटवायचं. यातून नेमकं काय कळतं, हे मग परीक्षकालाच विचारावं लागतं. हा क्रम उलटा करा. आलेखातून कोणत्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, ते आधी कागदावर लिहून काढा. आलेखाचा प्रकार, अक्ष, रंग हे सगळं त्या एका ओळीवरून ठरतं.

आधी प्रश्न

‘आमच्या गावातला पाऊस’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘मुसळधार पावसाचे दिवस जूनपेक्षा जुलैत जास्त होते का?’ हा प्रश्न झाला. त्यासाठी रोजच्या पावसाचे स्तंभ काढावे लागतील. ‘१५ ऑगस्टपर्यंतचा एकूण पाऊस गेल्या वर्षीपेक्षा मागे आहे का?’ असं विचारायचं असेल, तर रोजचा आकडा आधीच्या बेरजेत मिळवत नेलेल्या दोन चढत्या रेषा हव्यात, एक यंदाची आणि एक गेल्या वर्षीची. वही तीच, आकडे तेच, पण आलेख निराळे.

मग तक्ता

एका ओळीत एक नोंद आणि एका रकान्यात एकच गोष्ट लिहा. एकक रकान्याच्या डोक्यावर लिहा. आकड्यापुढे प्रत्येक वेळी ‘मिमी’ टाइप केलं, तर संगणक त्याला आकडा न मानता मजकूर समजतो.

शाळेच्या पर्जन्यमापकाची नोंद करताना दोन गोष्टी हमखास घोटाळा करतात. पहिली गोष्ट तारखेची. हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस म्हणजे सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा. ५ जुलैच्या सकाळी मोजलेला पाऊस बराचसा ४ तारखेला पडलेला असतो. तेव्हा तक्त्यावर ‘सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास’ असं स्पष्ट लिहा. दुसरी गोष्ट सुट्टीची. रविवारी किंवा गणपतीच्या सुट्टीत कोणी मापक पाहिला नाही, तर त्या दिवशीचं घर रिकामं ठेवा, तिथे शून्य लिहू नका. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, रिकामं म्हणजे मोजला नाही. सुट्टीनंतरच्या सकाळी मापकात साठलेलं पाणी त्या सगळ्या दिवसांचं मिळून असतं, म्हणून त्या नोंदीवर खूण करा आणि एका दिवसाचा पाऊस म्हणून तिचा स्तंभ उभा करू नका.

आता आलेख. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर मिलिमीटर. हवामान खात्याच्या हिशेबात दिवसाला ६४.५ मिमीपासून पुढचा पाऊस मुसळधार आणि ११५.६ पासून अति मुसळधार. ६४.५ वर एक बारीक आडवी रेषा ओढून तिच्या टोकाशी ‘मुसळधार’ लिहा. त्या रेषेच्या वर गेलेले स्तंभ सातवीतलं पोरही बोटाने मोजेल, आणि प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

कशासाठी कोणता आलेख

वेगवेगळ्या गटांची तुलना करायची तर स्तंभालेख. काळाबरोबरचा बदल दाखवायचा तर रेषालेख. दापोली, खेड, गुहागर अशा तालुक्यांचे आकडे रेषेने जोडू नका. त्या रेषेच्या मधल्या भागाला काही अर्थच नसतो.

एकाच मापाचा पसारा पाहायचा असेल, समजा बागेतल्या २०० हापूस फळांची वजनं, तर आयतालेख (हिस्टोग्राम) घ्या. यात मापाचे सारखे टप्पे, म्हणजे वर्ग, पाडून प्रत्येकात किती नोंदी येतात ते दाखवतात. वर्ग किती मोठा घेता यावर सगळं अवलंबून आहे. १०० ग्रॅमचे वर्ग घेतले तर जवळजवळ सगळी फळं दोन-तीन आयतांत कोंबली जातात. ५ ग्रॅमचे घेतले तर आलेखाला नुसते दात फुटतात. २० किंवा २५ ग्रॅमने सुरुवात करा आणि मागे-पुढे करून पाहा. झाडाचं वय आणि उत्पन्न अशा दोन मापांचा संबंध शोधायचा असेल तर स्कॅटर, म्हणजे प्रत्येक झाडाचा एक ठिपका.

वृत्तालेखाचा आपल्याकडे फार सोस आहे. दहावीला तो असतोच: घटकाची संख्या भागिले एकूण संख्या, गुणिले ३६०, की कोन मिळाला. पण कोनांतला फरक डोळ्याला नीट उमगत नाही. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये लोकांवर प्रयोग करून हे तपासलं. एकाच मापपट्टीवरची स्थिती, म्हणजे ठिपका किंवा स्तंभाचं टोक कुठे येतं ते, आपण सर्वांत अचूक वाचतो, लांबीचा नंबर त्यानंतरचा, आणि कोन व क्षेत्रफळ आणखी मागे. तेव्हा एका पूर्णाचे तीन-चार भाग असतील आणि त्यांत ठळक फरक असेल, तरच वृत्तालेख काढा. एरवी आडवे स्तंभ मोठ्यापासून छोट्याकडे लावा.

अक्ष कुठून सुरू करावा

इथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया रत्नागिरी जिल्ह्यात ११२२, सिंधुदुर्गात १०३६, रायगडमध्ये ९५९ आणि पूर्ण महाराष्ट्रात ९२९ होत्या. याचे स्तंभ काढताना अक्ष ९०० पासून सुरू केला, तर रत्नागिरीच्या स्तंभाची उंची २२२ भरते आणि महाराष्ट्राची अवघी २९. बघणाऱ्याला साडेसात पटींहून जास्त फरक दिसतो. खरा फरक सव्वापटीहूनही कमी आहे. स्तंभाची लांबी हीच त्याची भाषा, म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा.

पण शून्यापासून काढला की चारही स्तंभ जवळपास सारखे दिसतात, ही तक्रारही रास्त आहे. त्यावर उपाय आहे. इथे १००० या आकड्याला स्वतःचा अर्थ आहे: स्त्री-पुरुष समसमान. तेव्हा १००० पासूनचा फरकच मांडा. रत्नागिरी अधिक १२२, सिंधुदुर्ग अधिक ३६, रायगड उणे ४१, महाराष्ट्र उणे ७१. मधली रेषा ‘समसमान’, दोन जिल्हे तिच्या वर, बाकीचे खाली. कामधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी या चार स्तंभांत उमटते. मात्र कारण आलेखातून सिद्ध होत नाही. ते स्थलांतराची वेगळी माहिती देऊन खालच्या मजकुरात मांडावं लागतं.

रेषालेखाला शून्याची सक्ती नाही, कारण तिथे डोळा लांबी नव्हे, चढउतार पाहतो. फक्त अक्ष कुठून सुरू केला आहे ते दिसलं पाहिजे.

सरासरीच्या आधी ठिपके

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३ मिमी. दोन्हींची सरासरी येते ५०८.५, आणि इतका पाऊस या दोन्ही केंद्रांपैकी एकावरही पडलेला नाही. नोंदी थोड्या असतील तर प्रत्येक नोंदीचा ठिपका दाखवा, सरासरी हवीच असेल तर त्याच आलेखावर वेगळी खूण करून द्या.

संशोधन करणाऱ्यांनी तर गणित मांडण्याआधीच स्कॅटर काढून पाहावा. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कॉम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ जोड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांची सरासरी जवळपास तीच, सहसंबंध गुणांकही (दोन मापं किती बरोबरीने बदलतात ते सांगणारा आकडा) सुमारे ०.८१६. ठिपके मांडले की एकात साधा चढ दिसतो, दुसऱ्यात चक्क कमान, आणि उरलेल्या दोन्हींत एकच भरकटलेला ठिपका सगळा निकाल फिरवतो. प्रबंधातल्या स्तंभांवर त्रुटी-रेषा (स्तंभाच्या टोकावरची ‘एरर बार’ची छोटी उभी रेघ) देत असाल, तर ती प्रमाण विचलनाची (नोंदी किती पसरल्या आहेत) की प्रमाण त्रुटीची (काढलेली सरासरी किती नेमकी आहे), हे आलेखाखाली लिहाच. दोन्हींत खूप फरक असतो.

शेवटचा हात

शीर्षकात निष्कर्ष लिहा: ‘जुलैत मुसळधार दिवस जूनपेक्षा जास्त’. खाली स्रोत, वर्ष, ठिकाण आणि एकूण नोंदी. ठोकळेबाज त्रिमिती स्तंभ, सावल्या, मागचं चित्र काढून टाका. त्रिमितीत स्तंभाचा माथा नेमका कोणत्या आकड्यावर आहे तेच कळत नाही. लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका, कित्येकांना तो फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी बरा. रेषा दोन-तीनच असतील तर कोपऱ्यातल्या सूचीऐवजी प्रत्येकीच्या टोकाशी तिचं नाव लिहा.

प्रबंधाच्या प्रती बहुधा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच निघतात. म्हणून एक प्रत तशी काढून, विषयाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी दाखवा आणि ‘यात काय दिसतंय?’ एवढंच विचारा. तुम्ही सुरुवातीला लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या तोंडून आलं नाही, तर आधी शीर्षक आणि अक्षांवरची नावं बदलून पाहा. तरीही कळलं नाही, तर आलेखाचा प्रकार बदला.