गोव्यातील शनिवार-रविवार: आधी जेवण ठरवा, मग रस्ता

गोव्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने शनिवार-रविवारी नातेवाईक आणि स्नेह्यांसह एकत्र येण्याचा बेत आखला, की पहिला प्रश्न बहुधा 'कुठे जायचे' असाच विचारला जातो. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. ठिकाण आधी ठरले की सगळी मंडळी वाहनांमध्ये बसतात, किनाऱ्यावरच्या गर्दीत वाहन उभे करायला जागा शोधतात, दुपारी दोन वाजता भुकेने कासावीस होऊन समोर दिसेल त्या खाणावळीत शिरतात आणि संध्याकाळी दमून परततात, पण एकमेकांशी निवांत बोलणे मात्र राहूनच जाते. उलट जेवण कुठे, कधी आणि काय हे आधी ठरवले, तर बाकीचा दिवस त्याच्याभोवती सहज बसवता येतो. आपले राज्य लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, आणि डिचोली, फोंडा किंवा पेडणे यांपैकी कोठूनही निघाले, तरी पाहण्याजोगे काहीतरी तासाभराच्या अंतरावर असतेच. त्यामुळे गोव्यात रस्त्याला जेवणाच्या वेळेशी जुळवून घ्यायला लावणे अवघड नाही.

तिथी, हंगाम आणि मासळी

आमंत्रणे देण्यापूर्वी दिनदर्शिका उघडावी. रविवार असला तरी त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी असेल, तर अर्धी पंगत शाकाहारी होते, आणि काही घरांत शनिवारीही मासळी वर्ज्य असते. कोण काय खातो हे प्रत्येक घराला आधी विचारून घेणे हा पाहुणचाराचा भाग आहे. पाटावर बसल्यावर एखाद्या काकूला नुसत्या वरणभातावर वेळ मारून न्यावी लागू नये.

दुसरी गोष्ट हंगामाची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ असल्यामुळे ही बंदी घातली जाते. या दोन महिन्यांत बाजारात इसवण (सुरमई) दिसलीच, तर ती बहुधा बर्फातली असते आणि तिचा भावही चढा असतो. अशा वेळी हट्टाने मोठी मासळी आणण्यापेक्षा उन्हाळ्यात साठवलेल्या सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर करावी. सुंगटे मंद आचेवर कुरकुरीत भाजावीत, त्यांत ओले खोबरे, चिरलेला कांदा, तिखट आणि थोडी चिंच घालून पान वाढण्याच्या अगदी आधी कालवावे, कारण आधी कालवून ठेवल्यास ती मऊ पडते. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात जातात, पण तोवर श्रावण जवळ आलेला असतो किंवा सुरू झालेला असतो आणि अनेक घरे मासळीपासून दूर राहतात. हुमणाची (मासळीच्या आमटीची) आणि तळलेल्या बांगड्यांची मोठी पंगत घालायची असेल, तर दसरा झाल्यावर पुढचे महिने त्यासाठी उत्तम.

मासळी रविवारी सकाळी लवकर आणावी. कल्ले लालभडक असावेत, डोळे खोल गेलेले नसावेत आणि बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर यावे. तळण्यासाठी माणशी एक मध्यम बांगडा धरला, तर हिशेब चुकत नाही. शुक्रवार मोकळा असेल, तर नारळ, कोकम, मिरची, भाज्या आणि केळीची पाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणावीत. आसपासच्या गावांतून घरची भाजी घेऊन येणाऱ्या बायकांजवळ जे मिळते, ते एरवी शहरातल्या दुकानांत मिळत नाही.

पंधरा जणांचे खतखते

मिश्र पंगतीसाठी माझी निवड नेहमी खतखत्याची, म्हणजे डाळ-खोबऱ्यातल्या मिश्र भाजीची असते. त्यात कांदा-लसूण नसल्यामुळे ते सर्वांना चालते, सकाळी करून ठेवले तरी बिघडत नाही, उलट दोन-तीन तास मुरल्यावर अधिक चांगले लागते आणि चिरण्याच्या कामात बरेच हात गुंतवता येतात. पंधरा माणसांना साधारण अडीच किलो भाज्या, पाव किलो तूरडाळ आणि दोन मध्यम नारळ पुरतात. सुरण, माडी (अळूसारखा कंद), कच्ची केळी, नीरफणस, लाल भोपळा, रताळी, मुळा, शेवग्याच्या शेंगा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे यांपैकी हंगामात जे मिळेल ते घ्यावे. पाचापेक्षा कमी भाज्या मात्र असू नयेत. सुरण चिरताना हाताला तेल लावावे, म्हणजे खाज येत नाही.

तूरडाळ अर्धवट शिजली की तिच्यात सुरण, माडी आणि इतर कठीण भाज्या आधी घालाव्यात, त्या निम्म्या शिजल्यावर शेंगा आणि मुळा घालावा आणि भोपळा सर्वांत शेवटी, नाहीतर तो विरघळून जातो. ओले खोबरे, सुक्या लाल मिरच्या आणि हळद यांचे बारीक वाटण घालून कोकमाची सोले आणि गूळ टाकावा. खरी कसोटी तिरफळांची असते. त्यांतल्या काळ्या बिया काढून टाकाव्यात, साली थोड्या पाण्यात ठेचाव्यात आणि ते पाणी सालींसह भांडे उतरवण्याच्या थोडे आधी घालावे, कारण फार उकळले तर त्यांचा सुगंध निघून जातो. शेवटी वरून कच्चे खोबरेल चमचाभर सोडून झाकण ठेवावे. सोबत भात, सोलकढी आणि एखादे तळण असले की पुरे; गोड पदार्थ म्हणून चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस यांचे मणगणे करावे, कारण तेही मोठ्या प्रमाणात करायला सोपे आहे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ज्या घरी मंडळी जमतात, त्या घरची वहिनी किंवा आई सकाळपासून चुलीपाशी आणि दुपारी भांड्यांपाशी राहिली, तर तो दिवस तिच्यासाठी सुटीचा होत नाही. म्हणून नारळ खवणे, भाज्या चिरणे, मासळी साफ करणे, पाने वाढणे आणि नंतरची आवराआवर ही कामे आदल्या दिवशीच नावानिशी वाटून द्यावीत आणि त्यांत पुरुषांचा व मुलांचा वाटा असावा. पहिल्या पंगतीला घरची बाई बसेल, असा नियमच करून टाकावा. भात-भाजी वाढणे दहा वर्षांच्या मुलालाही जमते, आणि आजीला काय हवे-नको ते विचारत पंगतीतून फिरताना तो जे शिकतो, ते त्याच्या आयुष्यभर कामी येते.

दिवाडीहून नार्व्याला

शनिवारी जेवण घरी असेल, तर रविवारी फिरावे. पणजी किंवा फोंड्याकडच्या मंडळींना मी सर्वप्रथम सुचवीन तो मार्ग असा: सकाळी जुने गोवे येथून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर जावे, टेकडीवरच्या चर्चच्या आवारातून नदी, खाजन शेते (बांध घालून राखलेली खाडीकाठची शेते) आणि पलीकडचे जुने गोवे पाहावे आणि मग बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला उतरावे. कदंब राजांचे आराध्यदैवत असलेल्या श्री सप्तकोटेश्वराचे मूळ देवालय दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते उद्ध्वस्त झाले आणि शिवलिंग नदीपार नार्व्याला नेण्यात आले. तेथील मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये दिली, आणि राज्य शासनाने केलेल्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर ते २०२३ मध्ये पुन्हा लोकार्पित झाले. म्हणजे ज्या दिशेने देव गेला, त्याच दिशेने आपण नदी ओलांडतो. मुलांना ही हकिकत फेरीबोटीवर उभे असताना सांगावी. वर्गात बसून वाचलेल्या इतिहासापेक्षा ती त्यांच्या अधिक लक्षात राहील.

फेरीबोटीत चारचाकींसाठी जागा मर्यादित असते आणि रविवारी रांग लागते, म्हणून शक्य तितक्या कमी गाड्या न्याव्यात. परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे, हे उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवावे, आणि पावसाळ्यात नदीला जोर असेल तर डिचोलीमार्गे रस्त्यानेच जावे. नार्व्यानंतर मये येथील तलाव किंवा हरवळेची कोरीव लेणी, धबधबा आणि रुद्रेश्वराचे देऊळ यांपैकी एकच ठिकाण निवडावे. दोन्ही पाहण्याच्या नादात जेवण चार वाजेपर्यंत लांबते. बरोबर डबे नेले असतील, तर मालकाच्या परवानगीने एखाद्या ओळखीच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) बसावे. पर्यटनस्थळी उघड्यावर चूल पेटवणे किंवा मद्यपान करणे यांवर गोव्यात कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

वयस्कर मंडळी सोबत असतील, तर फोंडा तालुका अधिक सोयीचा. मंगेशी, म्हार्दोळची महालसा, कवळ्याची शांतादुर्गा, बांदिवड्याचा नागेश आणि रामनाथी ही देवळे एकमेकांपासून जवळ आहेत, तरीही एका सकाळी दोनपेक्षा अधिक देवळे करू नयेत, कारण पायऱ्या चढण्या-उतरण्यातच ज्येष्ठांची शक्ती जाते. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची महालसा ही दैवते त्या काळी पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या या भागात का आणली गेली, हे एखाद्या आजोबांकडून ऐकावे. परगावचे पाहुणे असतील, तर देवस्थानांच्या अग्रशाळांमध्ये राहण्याची सोय होऊ शकते, मात्र आधी फोन करून खोल्या राखून ठेवाव्यात. फोंड्याच्या आसपासच्या मसाल्यांच्या बागांत केळीच्या पानावर जेवण मिळते. मिरीचा वेल, जायफळ आणि वेलची मुलांना झाडावर पाहता येतात.

पावसाळ्यात सर्वांना धबधबे हवे असतात. तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेवाचे काळ्या पाषाणातले मंदिर आणि शेजारची नदी मला पावसात सर्वाधिक आवडते, पण तेथेही नदीकडे पाहावे, तिच्यात उतरू नये. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला, की आपल्यासमोर ऊन असतानाही पाणी एकाएकी चढते. धबधबे आणि खाणींची तळी यांत उतरण्यावर प्रशासन पावसाळ्यात बंदीचे आदेश काढते, ते पाळावेत. दूधसागरच्या कुळे येथून सुटणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात आणि रेल्वेरुळांवरून चालत तेथे जाणे धोक्याचे आणि बेकायदेशीरही आहे.

सण आणि जत्रा

जत्रा तिथीने येते, शनिवार-रविवार पाहून येत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या कुलदैवताच्या आणि आजोळच्या जत्रेच्या तारखा लिहून काढाव्यात आणि त्यांतली कोणती सुटीला लागून येते ते पाहावे. जत्रेला गेल्यास रात्रीचे मराठी नाटक चुकवू नये. गावातले शिक्षक, दुकानदार, शेतकरी महिनोन्महिने तालमी करून ते उभे करतात, आणि गोव्यातील मराठी रंगभूमी याच देवळांच्या मंडपांत टिकून राहिली आहे. नाटक उत्तररात्रीपर्यंत चालते, तेव्हा चटई आणि लहानांसाठी पांघरूण न्यावे, खाज्याची पुडी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा कोणताही कार्यक्रम ठेवू नये.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवशी मूळ घरी इतकी धावपळ असते, की निवांतपणा तिच्या आधीच्या शनिवार-रविवारीच मिळतो. त्या दोन दिवसांत भावंडांनी जमून घर झाडावे, नेवऱ्या कराव्यात आणि माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगायची चौकट उतरवून पुसून ठेवावी. सुपारीचे घोस, आंबाडे, नीरफणस, तोरिंजण, चिबूड हे कोण कुठून आणणार ते तेव्हाच ठरवावे. रानातली फळे आणि पाने ओळखणारे काका असतील, तर मुलांना त्यांच्याबरोबर पाठवावे, मात्र माटोळीसाठी गरजेपुरतेच तोडण्याची शिस्त त्यांना त्याच वेळी लावावी. दिवाळीच्या पहाटे मात्र एकाच घरी सारे पदार्थ करण्याऐवजी चार घरांनी पोह्यांचे चार प्रकार वाटून घ्यावेत: एकाने दुधातले, एकाने ताकातले, एकाने नारळाच्या रसातले आणि एकाने फोडणीचे.

निरोपापूर्वी

खर्चाचा हिशेब रविवारी मंडळी उठण्यापूर्वीच करावा. मासळी, भाजी, पेट्रोल आणि देवळातली देणगी हे सर्व एका कागदावर लिहून कमावत्या माणसांत सारखे वाटावे, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळींना त्यातून वगळावे. उरलेले खतखते दुसऱ्या दिवशीही चांगले लागते, म्हणून येतानाच प्रत्येकाला एक रिकामा डबा आणायला सांगावे. हुमण उरले तर तेही नीट उकळून मगच डब्यात भरावे, पण पुढचा दिवस सोमवार असल्यामुळे जे मासळी खात नाहीत, त्यांच्या डब्यांत ते घालू नये. केळीची पाने आणि भाज्यांची साले माडाच्या आळ्यात टाकावीत. प्लास्टिकच्या बाटल्या ज्यांनी आणल्या असतील, त्यांनी त्या आपापल्या गाडीतून परत न्याव्यात.