कुत्र्याला फळं देताना या चुका टाळा

फळांपायी कुत्रा दवाखान्यात पोचतो तो बहुतेक वेळा गरामुळे नाही. कोय, बी, साल, देठ, म्हणजे आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो ते त्याच्या पोटात गेलेलं असतं. याला मोठा अपवाद एकच, द्राक्षं. तिथे अख्खं फळच विष आहे.

कोय चोखायला देणं

आमरस काढून झाला की कोय कुत्र्यापुढे टाकायची, ही घरोघरची सवय. कुत्रा ती दोन पंजांत धरून चाटत बसतो, आणि कुणी उचलायला गेलं की घाईने गिळून टाकतो. ओली कोय बुळबुळीत असते, घशातून सहज उतरते. पुढे लहान आतड्याच्या तोंडाशी किंवा आतड्यात अडकते. ती पचत नाही, आणि चपटी असली तरी आतड्याच्या मानाने रुंदच असते.

कित्येकदा कोय बरेच दिवस जठरात पडून राहते आणि कुत्रा मजेत जेवतो. मग एका सकाळी सारख्या उलट्या सुरू होतात, प्यायलेलं पाणीही बाहेर पडतं, शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरून तो उभा राहत असेल, तर ते पोट दुखल्याचं लक्षण समजा. अशा वेळी डॉक्टरांना ‘आठवड्याभरात घरी आंबे खाल्लेत, कोय गिळली असू शकते’ हे आपणहून सांगा. कोय हाडासारखी एक्स-रेत ठळक दिसत नाही, त्यामुळे सोनोग्राफी करायची की नाही हे ठरवायला तेवढं एक वाक्य फार उपयोगी पडतं. गिळताना पाहिलं असेल तर घरी उलटी करवू नका, वर येताना कोय अन्ननलिकेत अडकू शकते. लक्षणांची वाट न पाहता फोन करा.

कोकणात आणखी एक गोष्ट. झाडाखाली पडून आंबलेले आंबे कुत्रे पोटभर खातात. आंबलेल्या गरात अल्कोहोल असतं, कुजलेल्यात बुरशीचं विष. कुत्रा झोकांड्या खात असेल, थरथरत असेल, तर त्याला ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका.

‘एखादं द्राक्ष खाल्लं तर काय होतं?’

काहींना काहीच होत नाही, काहींची मूत्रपिंडं निकामी होतात. टार्टारिक आम्ल हे त्याचं संभाव्य कारण असल्याचं अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी 2021 मध्ये मांडलं. या आम्लाचं प्रमाण जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलतं, म्हणून ‘इतकी चालतात’ असा आकडा कुणीच देऊ शकत नाही. हिरवी, काळी, बिनबियांची, सगळी सारखीच वर्ज्य. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, म्हणून चिंचेचा कोळही नको.

आपल्या घरात द्राक्षांपेक्षा बेदाणे जास्त घात करतात. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो, म्हणजे तेवढंच विष चौपट दाट. आणि बेदाणे लपलेले असतात: प्रसादाचा शिरा, चिवडा, श्रीखंड, पुलाव, फ्रूट केक. सत्यनारायणाच्या दिवशी पाहुणे प्रेमाने शिऱ्याचा घास भरवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

खाल्ल्याचं कळलं तर लगेच डॉक्टर गाठा. पहिल्या 2 तासांत औषधाने उलटी करवता आली तर बरंच विष बाहेर पडतं. मिठाचं पाणी पाजू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून जीवावर बेतू शकतं. सुरुवातीला पहिल्या दिवसात उलट्या होतात, मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि 1 ते 3 दिवसांत लघवी कमी होऊ लागते. या मधल्या बऱ्या दिवसाला फसू नका.

बी न काढता फळ पुढे ठेवणं

सीताफळाच्या बिया चावल्या गेल्या तर विषारी. त्यांची पूड किडे मारायला वापरतात, यातच सगळं आलं. घरात कुत्रा असेल तर सीताफळ टेबलावर बसून खा आणि बिया मोजून कागदात गुंडाळा. चिकूची बी टोकदार, ती काढलीच पाहिजे. बोर, जांभूळ, फणसाची आठळी हेही आख्खं गिळलं जातं. सफरचंदाची एखादी बी गेली तर घाबरू नका, पण गाभा काढूनच द्या. कलिंगडाची साल फेकताना डब्याला झाकण हवं. डाळिंबाचे दाणे बऱ्याच कुत्र्यांना उलटून पडतात, ते नकोतच.

प्रमाण

10 किलोच्या, नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी पुरतात. त्यातला दहावा भाग, म्हणजे 60 कॅलरी, हा सगळ्या वरच्या खाण्याचा मिळून वाटा. तेवढ्यात आंब्याचा गर 100 ग्रॅम, कलिंगड 200 ग्रॅम किंवा अर्ध्याहून थोडं जास्त केळं बसतं. बिस्किटंही देत असाल तर फळ निम्म्यावर आणा.

नवं फळ बोटाच्या पेराएवढ्या एका फोडीपासून सुरू करा, आणि पुढचे 2 दिवस दुसरं काही नवं देऊ नका, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते कळतं. शी पातळ झाली तर फळ बंद करा आणि पाणी भरपूर ठेवा. 24 तासांत थांबली नाही, रक्त दिसलं किंवा पिल्लू असेल तर दाखवा. मधुमेह असलेल्या कुत्र्याला फळ डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळं व शहाळ्याचं पाणी नको, त्यात पोटॅशियम जास्त असतं.

‘शुगर फ्री’ जॅम आणि फळांचे पदार्थही टाळा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीवर उतरू शकते. डब्यावरचा मजकूर वाचा, आणि कुत्र्याने खाल्लं असेल तर तोच डबा घेऊन दवाखाना गाठा.