दोन्हीकडची दलाली घेताना: प्लॉट-जमिनीच्या लाइनीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

प्लॉटची दलाली करायला काही लागत नाही असं आमच्या लातूरला सगळ्यांनाच वाटतं. एक मोटारसायकल, दोन सिमचा मोबाईल आणि तलाठ्याकडं थोडी ओळख, झालं काम. मी पण २०१५ ला तसाच आलो, बी.कॉम. झालेलं, वडील मोंढ्यात मुनीम, बँकेच्या परीक्षा दोनदा देऊन झालेल्या. आता रोज कुणी ना कुणी पोरगं विचारतं की दादा मला पण या लाइनीत यायचंय, आणि पहिला प्रश्न ठरलेला, टक्का किती मिळतो. म्हणून हे लिहायलोय.

टक्का आमच्याकडं साधारण एक इकडून, एक तिकडून. विकणारा पण देतो, घेणारा पण देतो, आणि एका सौद्यात तीन-चार मधले असले की तेच पैसे वाटून घ्यायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही पहिली दोन वर्षं वाटलं नाही, नंतर वाटलं ते कसं ते सांगतो.

२०१७ ची गोष्ट. एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर काका होते, शहराच्या कडेला त्यांचा ३० बाय ५० चा प्लॉट, १५०० फूट. काकूंचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. काकांनी फुटाला साडेनऊशेचा भाव सांगितला, आणि मग चहा पिता पिता हळूच म्हणाले, बाबा अगदीच वेळ आली तर साडेआठशेला देईन, पण हे तुझ्यापाशीच ठेव. घेणारे एक शिक्षक जोडपं होतं, चांगली माणसं, पण बजेट तोडकं. सौदा पंधरा दिवस लोंबकळला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला, कारण त्या महिन्यात दुसरं काहीच झालं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी मी सरांना म्हणलं, सर तुम्ही साडेआठशेवर टिकून रहा, मालकाच्या घरी दवाखाना आहे, देतील. सौदा ८६० ला झाला.

मला तेव्हा वाटलं, दोघांचं काम झालं, काकांना वेळेत पैसे, सरांना प्लॉट, मला दलाली, सगळे खुश. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसलेलो असताना सर बिचारे भोळेपणानं काकांना म्हणाले, काकूंची तब्येत आता कशी आहे, आम्हाला कळलं होतं तुमच्या अडचणीचं. काकांनी आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोलले काहीच नाहीत. सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो झाला. बाहेर आल्यावर त्यांनी माझे १२,९०० मोजून हातात दिले आणि म्हणाले, तिकडचे बी घेतले का?

त्या रात्री मी गणित मांडलं आणि ते आजपर्यंत डोक्यातून गेलेलं नाही, नव्या पोरांना पण मी हेच आधी मांडायला लावतो. ९५० ला गेला असता तर प्लॉट १४ लाख २५ हजारांचा, ८६० ला गेला म्हणजे १२ लाख ९० हजार. काकांचे गेले १ लाख ३५ हजार. आणि दोन्हीकडचा मिळून दोन टक्के धरला तरी माझे गेले फक्त २,७००. म्हणजे बघा, ज्या माणसाच्या भरवशावर काका बसले होते त्याचा भाव वाढवण्यात काडीचा फायदा नव्हता, त्याचा सगळा फायदा सौदा लवकर उरकण्यात होता. उलटंही तेवढंच खरं, घेणाऱ्याकडं घाईचा पैसा आहे असं कळलं की मधला माणूस भाव वर ढकलतो, कारण तिकडं पण त्याला नुसता सौदा पाहिजे असतो. दोन्हीकडचा टक्का घेतला म्हणून माणूस वाईट होत नाही हो, पण दोन्हीकडची गुपितं एकाच खिशात ठेवली की ती आपोआप बाहेर पडतात.

हाळीच्या जनावरांच्या बाजारात कधी गेला असाल तर बघितलं असेल, दलाल उपरण्याखाली मालकाचा हात धरतो, बोटं दाबून आकडा घेतो, मग तसाच गिऱ्हाइकाचा हात धरतो. दोघांचेही आकडे ठाऊक असलेला अख्ख्या बाजारात तो एकटाच. आपण प्लॉटच्या धंद्यात उपरणं काढलं आणि मोबाईल घेतला, एवढाच काय तो फरक.

मी नंतर कायदा वाचायला घेतला, वकिलाकडं बसून. १८७२ चा करार कायदा आहे, त्यात एजंट म्हणजे काय ते कलम १८२ मध्ये, आणि खरी कामाची कलमं २१५ आणि २१६. सोप्या भाषेत, ज्याचं काम तू घेतलंस त्याला सगळं सांगून त्याची संमती घेतल्याशिवाय तूच मधे स्वतःसाठी व्यवहार करायचा नाही, केलास आणि महत्त्वाची गोष्ट लपवलीस किंवा त्याचं नुकसान झालं तर तो व्यवहार नाकारू शकतो, आणि तू जो फायदा कमावलास तो पण मागू शकतो. आता आपल्याकडं काय चालतं बघा. मालक म्हणतो मला नेट आठशे दे, वरचे तुझे. पोरगं नऊशेला विकतं आणि शंभर रुपये फुटाचे खिशात घालून वर घेणाऱ्याकडून टक्का पण घेतं. किंवा मेव्हण्याच्या नावानं स्वतःच इसार करून, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन सौदा धरून ठेवतो आणि महिन्याभरात पुढं विकतो. मालकाला माहीत असेल, त्यानं कबूल केलं असेल तर ती गोष्ट वेगळी, पण आमच्याकडं माहीत नसतानाच जास्त चालतं. इसार पावतीवर घेणाऱ्याचं नाव रिकामं सोडलेलं दिसलं की समजायचं, मधल्यानंच सौदा धरून ठेवलाय.

रेराचं, म्हणजे बिल्डर-एजंटवर नजर ठेवणाऱ्या कायद्याचं पण सांगतो कारण त्यात लोकांचा घोटाळा होतो. महारेरा १ मे २०१७ पासून चालू झालं. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असलेले प्रोजेक्ट सोडले तर बाकीच्यांची नोंदणी लागते, आणि त्या नोंदणी झालेल्या प्रोजेक्टमधलं काही विकायचं तर एजंटची पण नोंदणी लागते. नोंदणीशिवाय विकलं तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड, तो वाढत वाढत त्या फ्लॅट-प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ पासून ट्रेनिंग आणि परीक्षेचं सर्टिफिकेट पण लागतं, त्यामुळं नव्या पोरांनी ते आधी करून घ्या, टाळू नका. पण काकांसारख्यांचा जुना रिसेलचा प्लॉट यात येत नाही. तिथं तुमच्यावर नजर ठेवणारं कुणी नाही, तुम्हीच काय ते.

नव्या फ्लॅटमध्ये गिऱ्हाइकाला आपण छातीठोक सांगतो, साहेब तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही. खरंय, घेत नाही, बिल्डर देतो. कुणी दोन टक्के देतो, कुणी तीन, दिवाळीला स्कीम लागली की वर आणखी काही. मग तीन देणाऱ्याचीच साइट आधी दाखवली जाते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं हा माणूस आपल्यासाठी फिरायलाय. मी आता गाडीत बसतानाच सांगतो की माझे पैसे बिल्डरकडून येतात. सुरुवातीला जरा तोंड वाकडं करतात, नंतर उलट जास्त प्रश्न विचारतात, ते बरंच.

कॅनडात माझा एक वर्गमित्र आहे, ब्रिटिश कोलंबियात, तो सांगतो तिकडं २०१८ पासून एकाच एजंटला एकाच सौद्यात दोन्ही बाजूंचं काम घ्यायला बंदीच केली, अगदी आडबाजूच्या ठिकाणी वगैरे थोडी सूट. इथं तसं करायचं म्हणलं तर आमचं अर्धं मार्केट बसेल. म्हणून मी दुसरं धरलं. दोन्ही पार्ट्यांना पहिल्याच भेटीत सांगायचं की मी दोघांकडून टक्का घेणार, एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. मालकाला म्हणायचं, तुमचा शेवटचा आकडा मला सांगूच नका, घेणाऱ्याला म्हणायचं तुमचं बजेट किती ताणेल ते पण सांगू नका. जो आकडा बोलायचा तो समोरच्याला जसाच्या तसा पोचवायचा. का विकायलेत, का घेतायत, हे विचारलं तर सरळ म्हणायचं की त्यांनाच विचारा. आणि जिथं एखादी बाजू फारच अडाणी किंवा अडचणीत आहे, म्हातारी बाई एकटी आहे असं काही, तिथं एकच बाजू धरायची, दुसऱ्याला म्हणायचं तुमचा माणूस तुम्ही आणा. अर्धी दलाली जाते. जाऊ द्या.

पण इथं एक गफलत करू नका, मी पण केली होती. गुपित म्हणजे भाव आणि गरज. जमिनीतला दोष हे गुपित नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्यावरच बंधन आहे की घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगायचा. मग तुम्ही मधे बसून झाकायचं कसं? आणि मराठवाड्यात झाकण्यासारखं कमी नाही, निजामाच्या काळापासूनची इनामं आहेत, खिदमतमाश म्हणजे देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन आहे, कुळाच्या नोंदी आहेत, वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन आहे, भावकीतल्या बहिणींचे हिस्से आहेत ज्यांची सही कुणी घेतलेलीच नसते. सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना आणि जुने फेरफार बघितल्याशिवाय मी आता इसाराला हात लावत नाही. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांचा आणि मालकीचा तपास, घेणाऱ्यानं स्वतःच्या वकिलाकडून काढायचा, माझ्या ओळखीच्या नाही. एकच वकील दोन्हीकडून आणि तो पण दलालानं आणलेला, असं जिथं दिसतं तिथं मला पोटात गोळा येतो.

धंदा कमी होतो का? होतो. गेल्याच महिन्यात एक मालक आले, मी म्हणलं शेवटचा आकडा सांगू नका, ते चिडले, म्हणाले मग तुला ठेवायचा कशाला, गेले दुसऱ्याकडं. आठ दिवसांत प्लॉट विकला. कितीला गेला ते मी विचारलं नाही.