सोलापूरहून दुसऱ्यांदा थीम पार्कला जाताना नव्या राइडचा क्रम कसा लावावा

सोलापुरात वाढलेल्या प्रत्येकाला पाळण्यात बसण्याची गोडी गड्ड्याने, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेने, लावलेली असते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर गेल्यावर आपण आधी सगळीकडे एक फेरी मारतो, यंदा कोणता पाळणा नवा आला आहे ते पाहतो, भाव विचारतो आणि मग निवडून दोन-तीन ठिकाणी बसतो. तेथे ही रीत योग्यच आहे, कारण प्रत्येक पाळण्याचे तिकीट वेगळे असते. थीम पार्कमध्ये मात्र हीच रीत महागात पडते. तेथे बहुतेक राइड प्रवेशाच्या तिकिटातच येतात, त्यामुळे पैशाचा हिशेब दारातच संपतो आणि पुढे खर्च होतो तो फक्त वेळ. त्यातही सकाळचा पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. तो फेरफटक्यात गेला, तर ज्या नव्या राइडसाठी आपण तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास केला, तिच्याच रांगेत भर दुपारी उभे राहावे लागते.

आमच्या कुटुंबाने दुसऱ्या भेटीत नेमकी हीच चूक केली. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर समोरच मागच्या वेळी आवडलेली पाण्यातली होडी दिसली, मुले तिकडे धावली, आम्हीही त्यांच्यामागे गेलो, आणि एकेक ओळखीची राइड करत नव्या राइडपर्यंत पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. रांग दीड तासाची होती. आई उन्हात थकली, धाकटा झोपेला आला आणि शेवटी ती राइड न करताच आम्ही परतलो. त्यानंतर आम्ही घरीच कागदावर क्रम लिहून नेऊ लागलो आणि दिवस बराच सुखाचा जाऊ लागला. त्या अनुभवावरून जे पटले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ‘नवी राइड’ कोणती, हे उद्यानाच्या जाहिरातीवरून ठरवू नये. ते आपल्या घरातील प्रत्येक माणसापुरते वेगळे ठरवावे. उद्यानाने मधल्या काळात उभारलेली राइड सर्वांसाठीच नवी असते. मागच्या वेळी बंद असलेली किंवा वेळेअभावी राहून गेलेली राइड आपल्यापुरती नवी असते. परंतु सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी नवी राइड म्हणजे मधल्या काळात मुलाची उंची वाढल्यामुळे त्याच्यासाठी पहिल्यांदाच खुली झालेली जुनी राइड. माझ्या मुलीला पहिल्या भेटीत १४० सेंटिमीटरच्या पाटीपाशी चार सेंटिमीटरसाठी थांबवले होते, आणि बाकीची भावंडे आत गेल्यावर ती कठड्याला धरून कितीतरी वेळ त्या रुळांकडे पाहत उभी राहिली होती. दोन वर्षांनी तिच्यासाठी त्या राइडइतके नवे दुसरे काहीही नव्हते, मग उद्यानाने शेजारी कितीही नवे यंत्र आणून बसवलेले असो. अशा राइडला मी नेहमी पहिला क्रमांक देतो, उद्यानाच्या नव्या राइडच्याही आधी.

त्यासाठी निघण्याच्या आठवडाभर आधी घरी सर्व मुलांची उंची मोजावी. मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभे करावे, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरावे आणि भिंतीवर खूण करून टेपने मोजावे. सकाळी उठल्यावर माणूस थोडा उंच भरतो आणि दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दबल्याने सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत उंची कमी होते, म्हणून संध्याकाळचे माप धरलेले बरे. उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची उंचीची अट दिलेली असते, ती या मापाशेजारी लिहून ठेवावी. माप काठावर असेल तर जाड तळव्याचे बूट घालून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न कृपया करू नये. ही अट शरीर बांधून ठेवणाऱ्या दांडीच्या मापावरून ठरलेली असते. दांडी नीट बसली नाही तर धोका त्या लेकराला आहे. हैदराबादच्या वंडरलासारख्या उद्यानात मुलांचे तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते, त्यामुळे हे माप तिकीट काढतानाही उपयोगी पडते.

सोलापूरकरांना दोन उद्याने जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद या मार्गाने हैदराबादचे वंडरला, जे २०१६ मध्ये सुरू झाले. आणि पुण्यावरून द्रुतगती महामार्गाने खोपोलीजवळचे इमॅजिका, जे २०१३ मध्ये सुरू झाले. दोन्हीकडे आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचावे. पहाटे सोलापूर सोडून दार उघडण्याच्या वेळी पोहोचण्याचा बेत कागदावर जमतो, प्रत्यक्षात क्वचितच जमतो. वंडरलात कोरड्या आणि पाण्याच्या राइड एकाच आवारात, एकाच तिकिटात आहेत, तर इमॅजिकात वॉटर पार्क वेगळे असून त्याचे तिकीटही वेगळे आहे. नवी राइड कोणत्या भागात आहे हे तिकीट काढण्याआधी पाहिले नाही, तर भलत्याच तिकिटावर पैसे खर्च होतात.

जाण्याच्या दिवसाबद्दल एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. तेलंगणात शाळांना मोठी सुटी दसऱ्याला, बतुकम्मा या तेथील फुलांच्या सणाच्या दिवसांत असते आणि दिवाळीची सुटी अगदी थोडी असते. आपल्याकडे नेमके उलटे आहे. त्यामुळे आपल्या मुलांची दिवाळीची सुटी सुरू असताना, भाऊबीज उरकल्यानंतरच्या मंगळवारी किंवा बुधवारी हैदराबादला गेल्यास तेथील मुले शाळेत असतात. त्याच दिवसांत खोपोलीला मात्र पुण्या-मुंबईची गर्दी असते. पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी जोराचा पाऊस होतो आणि अशा वेळी उघड्यावरील मोठ्या राइड थांबवाव्या लागतात, म्हणून त्या दिवसांत खोपोलीला गेल्यास पाऊस उघडला की हातातले सोडून उघड्यावरील नवी राइड आधी करावी आणि छताखालच्या राइड सरींसाठी राखून ठेवाव्यात.

आता क्रमाचा मुख्य हिशेब. कोणती नवी राइड आधी करायची, हे तिच्या थरारावरून नव्हे तर ती तासाला किती माणसे घेते यावरून ठरवावे. एका खेपेत २४ जण बसत असतील आणि दर तीन मिनिटांनी खेप सुटत असेल, तर तासाला ४८० माणसे बसतात. पुढे २४० जण उभे असतील तर आपला नंबर अर्ध्या तासाने येतो. हीच खेप सहा मिनिटांनी सुटत असेल तर तेवढ्याच रांगेला एक तास लागतो. म्हणून रांगेत शिरण्यापूर्वी बाहेर थांबून दोन खेपांमधला वेळ घड्याळावर पाहावा. हे दोन-चार मिनिटांचे काम पुढचा तास वाचवते.

राइडची घडण ठाऊक असली तर हा अंदाज घरी बसूनही बांधता येतो. हैदराबादच्या वंडरलातील ‘रिकॉइल’ या रोलर कोस्टरचे उदाहरण घ्यावे. तिची गाडी आधी मागच्या मागे उंच ओढून नेली जाते, सोडल्यावर फलाटातून सुसाट निघून तीन वेळा उलटी होत पलीकडच्या चढावर पोहोचते आणि तेथून त्याच रुळांवरून पाठमोरी परत येते. रूळ एकच आणि जाणे-येणे त्यावरूनच, त्यामुळे तिच्यावर एका वेळी एकच गाडी धावू शकते; गाडी परतून, माणसे उतरून, नवी बसून, दांड्या तपासल्याशिवाय पुढची खेप सुटत नाही. इमॅजिकाची ‘नायट्रो’ याउलट पूर्ण फेरीची, म्हणजे रूळ फिरून पुन्हा फलाटाशी येणारी आहे आणि तिच्यात चौघे शेजारी शेजारी बसतात. पूर्ण फेरीच्या रुळांचे टप्पे पाडलेले असतात आणि पुढचा टप्पा मोकळा असल्याखेरीज मागची गाडी सोडली जात नाही, त्यामुळे अशा रुळांवर एकीहून अधिक गाड्या सुरक्षितपणे चालवता येतात. तेव्हा मुलगी यंदा उंचीत बसली असेल, तर ‘रिकॉइल’सारखी राइड दार उघडताच करावी. मोठ्या प्रेक्षागृहासारख्या, एका वेळी पुष्कळ माणसे घेणाऱ्या राइड दुपारी केल्या तरी चालतात. इमॅजिकाची ‘आय फॉर इंडिया’ या प्रकारची आहे. पाय अधांतरी ठेवून देशाचे आकाशातून दर्शन घडवणाऱ्या या राइडमध्ये माझी आई आनंदाने बसली होती, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर सर्वांनी मिळून करण्याजोगी एक तरी राइड क्रमात असावीच.

पोटाचाही विचार करावा. गोल गोल फिरवणारी राइड जेवणानंतर लगेच करू नये, कारण कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरेच सांगतात, आणि त्या गोंधळातून मळमळ होते. नवी राइड या प्रकारची असेल तर ती हलक्या न्याहारीवर सकाळीच उरकावी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीत ठेवावी, ती परतीच्या वाटेवर उपयोगी पडते. बाहेरचे खाणे आत नेऊ दिले जात नाही.

रांग टाळणारे जादा तिकीट घ्यायचे का, असे पुष्कळ जण विचारतात. वंडरलात त्याला ‘फास्टट्रॅक’ म्हणतात. माझे मत असे की गर्दीच्या दिवशी ते जरूर घ्यावे, पण आपली नवी राइड त्यात आहे का, एवढे आधी विचारून घ्यावे. नसेल, तर जुन्या राइडसाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही.

लहान मूल उंचीत बसत नसेल तर आई-वडिलांपैकी एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दुसरा परत आल्यावर पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता जाता येईल का, हे प्रवेशापाशीच्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे. त्या वेळात थांबलेल्या मुलाला त्याच्या यादीतली एखादी छोटी राइड द्यावी. धाकट्यालाही त्याची स्वतःची नवी राइड असते, आणि तिचा क्रमांक कागदावर लिहिलेला त्याला दिसला की त्याचे रडणे बरेचसे थांबते.

नव्या राइडचे वचन मुलांना आधी देऊ नये. नवे यंत्र सुरुवातीच्या काळात अधिक वेळा थांबते, कारण एखाद्या संवेदकाला थोडी जरी शंका आली तरी ते आपणहून बंद पडते, आणि ते तसे पडावे हेच बरोबर आहे. सकाळी ती बंद दिसली तर तेथे ताटकळत न राहता क्रमातील दुसऱ्या राइडकडे जावे आणि तासाभराने पुन्हा चौकशी करावी.

मागच्या वेळची सर्वांत आवडती राइड दिवसाच्या शेवटच्या तासासाठी ठेवावी. तोवर लांबच्या गावची कुटुंबे परतीला लागलेली असतात, रांग आखूड झालेली असते, आणि आम्ही तर त्या होडीत संध्याकाळी लागोपाठ दोनदा बसलो.