एचटीपी पंपाचा कुठला व्हॉल्व्ह गळतोय? मोबाईलच्या रेकॉर्डिंगवरून शोधा

आंब्याला मोहोर आलाय, तुडतुड्यांसाठी फवारणी लावलीय, एचटीपी पंपाचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, जास्त दाबाने फवारणाऱ्या पंपाचं) इंजिन नीट चालतंय. पण फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही. ‘पंप प्रेशर धरत नाही’ म्हणत मग आपण सगळा पंप खोलून बसतो. तीन प्लंजरच्या (मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यांच्या) पंपात सहा व्हॉल्व्ह: प्रत्येकाला पाणी आत घेणारा सक्शनचा एक, बाहेर सोडणारा डिलिव्हरीचा एक. बिघडलेला बऱ्याचदा एकच असतो.

आधी साध्या गोष्टी बघा. गाळणी तुंबलीय का, सक्शनचा पाइप हवा ओढतोय का, पॅकिंगखालून पाणी ठिबकतंय का. यात काही सापडलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

मिटलेला व्हॉल्व्ह गप्प असायला हवा. सीटवर (व्हॉल्व्ह मिटून जिथे टेकतो तिथे) जांभ्याची कच किंवा गंधकाच्या भुकटीचा कण अडकला, की दाबाखालचं पाणी त्या फटीतून सुसकारत मागे येतं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळत असेल तर प्लंजर मागे जाताना, सक्शनचा गळत असेल तर पुढे येताना. म्हणजे दर फेऱ्याला एकदाच. आवाज किती मोठा, याला फारसा अर्थ नाही. तो किती वेळाने परत येतो ते बघायचं.

फेरे काढा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे, त्याची पुली ३ इंची आणि पंपाची १० इंची, तर पंपाचे ९००. म्हणजे सेकंदाला १५, दर फेऱ्याला सुमारे ६७ मिलिसेकंद. पट्टा थोडा घसरतो, त्यामुळे आकडा जरा खाली येईल. फोर-स्ट्रोक एक सिलिंडरचं इंजिन याच वेगाला सेकंदाला २५ वेळा पेटतं, म्हणून दोघांची गल्लत होत नाही.

रेकॉर्ड करा. टाकीत औषध नको, नुसतं पाणी. गन उघडी, प्रेशर नेहमीचं. तिन्ही सिलिंडरच्या व्हॉल्व्ह कॅपजवळ फोन सारख्याच अंतरावर धरून प्रत्येकी अर्धा मिनिट रेकॉर्डिंग घ्या; हात पट्ट्यापासून लांब. रेकॉर्डर वेव्ह फाइल देणारा हवा आणि त्यातली ‘नॉइज रिडक्शन’ची सोय बंद हवी. ही सोय नेमकी सुसकारच गोंगाट समजून पुसून टाकते, आणि मग कितीही गळका पंप ठणठणीत दिसतो.

खालचे आवाज काढून टाका. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात हाय-पास फिल्टर ३००० हर्ट्झवर लावा. इंजिनाची बरीचशी धडधड जाते. उरते ती व्हॉल्व्हची टिकटिक आणि सुसकार.

आता झूम करा. निरोगी पंपात एका फेऱ्यात साधारण सारखे तीन उंचवटे दिसतात, २२-२२ मिलिसेकंदांवर. गळका व्हॉल्व्ह असेल तर दर ६७ मिलिसेकंदांनी एक जाडसर, लांबट पट्टा येतो. टिकटिक टोकदार असते, गळती पसरट. पायथॉन येत असेल तर सिग्नलचं एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराची बाह्यरेषा) काढून त्याचा एफएफटी करा (कुठली गोष्ट सेकंदाला किती वेळा परत येते ते दाखवणारं गणित): १५ हर्ट्झला ठळक सुळका आला, की संशय पक्का. ज्या कॅपजवळ तो सर्वांत उंच, तो सिलिंडर आधी खोला. सीटवर चर पडली असेल तर घासत बसू नका, व्हॉल्व्ह सीटसकट बदला.

फसवणारे दोन आवाज आहेत. रेग्युलेटरच्या बायपासची (जादा पाणी परत सोडणाऱ्या वाटेची) सुसकार अखंड चालते. कॅव्हिटेशनची (पाण्यात बुडबुडे होऊन फुटण्याची) तडतड तिन्ही सिलिंडरना सारखीच ऐकू येते; तिचं मूळ सक्शनकडे असतं.

लोटे किंवा महाडच्या रासायनिक कारखान्यातल्या प्लंजर पंपालाही हेच तत्त्व लागू, फक्त ज्वालाग्राही भागात मोबाईल न्यायचा नाही. तिथे त्या भागासाठी प्रमाणित कंपन-सेन्सर व्हॉल्व्हच्या कव्हरवर बसवतात आणि क्रँकजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर (दर फेऱ्याला एक खूण देणारा) लावतात. सुसकार पुढच्या स्ट्रोकला की मागच्या, हे त्यामुळे कळतं, आणि सक्शन की डिलिव्हरी तेही. डिलिव्हरी लाइनवर प्रेशर ट्रान्समीटर (दाबाचं माप सतत पाठवणारं उपकरण) असेल तर त्याचाही एफएफटी बघा, मात्र तो झटपट प्रतिसाद देणारा हवा. ३०० फेऱ्यांच्या तीन प्लंजर पंपात मुख्य सुळका १५ हर्ट्झला असतो (सेकंदाला ५ फेरे, प्रत्येकी ३ प्लंजर). एक व्हॉल्व्ह गळू लागला की ५ हर्ट्झचा वाढतो. सेन्सर मॅग्नेटने चिकटवणार असाल तर आधी कव्हर तपासा: ३१६ स्टेनलेसला मॅग्नेट धरत नाही, तिथे स्टड किंवा गोंदच लागतो.